आयर्लंडने चर्चकडे पाठ फिरवली, आता नीतीचा आधार काय?

पाऊलवाट
१९८३ साली आयर्लंडच्या ६७ टक्के मतदारांनी न जन्मलेल्या बाळाचा जगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहून घेतला. २०१८ साली ६६.४ टक्क्यांनी गर्भपात रोखणारं ते कलम काढून टाकलं. मधल्या काळात घटस्फोट जेमतेम मंजूर झाला (१९९५), समलिंगी विवाह ६२ टक्क्यांनी (२०१५). स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के होते, २०२२ मध्ये ६९.

मी ख्रिस्ती नाही, तरी मला याची काळजी वाटते. रोमन जगात नकोसं मूल उघड्यावर टाकणं चालून जायचं. त्याला ठाम विरोध केला तो ज्यूंनी आणि ख्रिस्ती लोकांनी. दुबळ्याच्या जिवाचं मोल बलवानाइतकंच, हा संस्कार आयरिश आजीआजोबांनी नातवंडांना मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) नेऊन केला. ज्यांना कुणी नेलंच नाही, त्यांच्यावर तो कोण करणार? तिथे आता इच्छामरणाच्या कायद्याची चर्चा आहे. २०२४ मध्ये संसदीय समितीने मर्यादित परवानगीची शिफारसही केली. परावलंबी म्हाताऱ्याला आपण ओझं झालोय असं वाटू नये, यासाठी समाजाकडे काय उरेल?

लालमाती
साफ असहमत. बेळगावची सविता हलप्पनवार आठवते का? वय ३१, दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात तिचा गर्भ आपोआप पडणं अटळ आहे, हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने गर्भ काढून टाका म्हणून विनवलं. बाळाचे ठोके सुरू आहेत म्हणून नकार मिळाला आणि ती सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली. २०१८ च्या मतदानाआधी तिच्या आईवडिलांनी बेळगावहून आयरिश लोकांना आवाहन केलं होतं. तुम्ही ज्या कलमासाठी हळहळताय, ते हे!

आणि दुबळ्यांचं मोल? आयर्लंडमधल्या तुआम गावी धर्मभगिनींनी चालवलेल्या अविवाहित मातांच्या आश्रमात १९२५ ते १९६१ दरम्यान ७९६ मुलं मेली. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी त्यांचा एकेक मृत्यूदाखला जमवला; दफनाच्या नोंदी मात्र सापडेनात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना धर्मभगिनींच्या मॅग्डलीन नावाच्या धुलाईघरांत बिनपगारी राबवलं जाई; शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं. सगळा देश मिस्सेला जात होता तेव्हाच हे चालू होतं. लोकांची नीती गेली म्हणून त्यांनी चर्च सोडलं नाही. नीती जागी झाली म्हणून सोडलं.

उंबरठा
२०१८ च्या मतदानाआधी या कलमावर विचार करायला ९९ सामान्य नागरिकांची सभा नेमली होती. त्यांनी महिनोन्महिने शनिवार-रविवारी बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या बायका यांचं ऐकलं आणि मग शिफारस केली. धर्मगुरूंच्या आदेशाविनाही माणसं गंभीरपणे नैतिक विचार करतात, याला आणखी काय पुरावा हवा?

पाऊलवाट
त्यांनी नीट ऐकून घेतलं, याबद्दल आदरच आहे. पण वजन करायला माप लागतं. ते माप त्या ९९ जणांना कुठून मिळालं, एवढंच विचारतोय.

वसईची_लेक
मी कॅथलिक, डब्लिनमध्ये नर्स. लालमाती, आईचा जीव वाचवणारा उपचार करताना बाळ दगावलं तरी चर्च तो उपचार नाकारत नाही. सविताला वेळेत वाचवायला हवं होतं. तरीही गर्भपात मला चूकच वाटतो, आणि ते इथे सहकाऱ्यांसमोर बोलणं आता सोपं नाही.

पाऊलवाट, मरणाऱ्यांचं विचारलंत. डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉसमध्ये १८७९ पासून धर्मभगिनींनी मरणासन्न गरिबांची सेवा सुरू केली. वेदना कमी करायच्या, स्वच्छ अंथरूण द्यायचं, शेजारी कुणीतरी बसायचं. आज तिथे श्रद्धा नसलेल्या नर्सही तितक्याच मायेने काम करतात, पण ही रीत घालून दिली ती श्रद्धेने. कपुचिन या संन्यासी संघाच्या फादरांच्या केंद्रात आजही बेघरांना काही न विचारता जेवण मिळतं. चर्चची सत्ता गेली याचं मला दुःख नाही. सत्ता हातात असतानाच ते ख्रिस्तापासून सर्वांत लांब गेलं.

लालमाती
उपचाराला चर्चची ना नव्हती, तर डॉक्टर का थांबले? कारण चर्चच्या पाठिंब्याने आलेल्या कलमाची त्यांना धास्ती होती. आणि हॅरल्ड्स क्रॉसचं सांगताना हेही सांगा, की त्याच संघाच्या धर्मभगिनी मॅग्डलीन धुलाईघरंही चालवत होत्या.

वसईची_लेक
हो, त्याच संघाच्या. ते लपवणार नाही. २०१३ मध्ये सरकारने माफी मागून त्या बायकांसाठी भरपाई योजना काढली, तेव्हा धुलाईघरं चालवणाऱ्या चारही संघांनी पैसे द्यायला नकार दिला. त्यांनी द्यायलाच हवे होते, अजूनही द्यावेत. आमच्या धर्मग्रामाच्या फादरांना मी हे तोंडावर सांगितलंय. हे मी कायद्याच्या भीतीने म्हणत नाही. लहानपणी वसईच्या देवळात जे शुभवर्तमान ऐकलं, त्याच्या जोरावर म्हणतेय.