हेरास नावाचे फादर नक्की कोण? पाद्री की प्रोफेसर?

तिकीटवाला_पुणे
आजोबांचा पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम आवरतोय, आई गेली चार वर्षं मागे लागलीये की एकदाचं काय ते बघून टाक. त्यात १९८१ चं ३५ पैशांचं एक तिकीट आहे, हेन्री हेरास. खाली आजोबांनी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय "आमचे कॉलेज". आजोबा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचे, पण सायन्सवाले, त्यामुळे या माणसाबद्दल घरात कधी काही ऐकलेलं नाही. गूगलवर बघितलं तर कुठे जेझुइट (म्हणजे येशूसंघ नावाच्या ख्रिस्ती संघाचा) पाद्री लिहिलंय तर कुठे इतिहाससंशोधक. आता पाद्री म्हटलं की माझ्या डोक्यात चर्च, लग्नं, आणि खरं सांगायचं तर धर्मांतर. मग भारत सरकारने तिकीट कशासाठी काढलं? कोणाला माहिती असेल तर सांगा, भांडण नको.

धोबीतलाव_९४
अरे वा, आमचे हेरास! मी इतिहासवाला, ९४ ची बॅच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मूळ नाव एन्रिके, बार्सिलोनाचा माणूस, जन्म १८८८ चा. मुंबईत आले नोव्हेंबर १९२२ ला. आता स्पॅनिश माणूस इथे कसा, तर झेवियर्स काढलं १८६९ साली जर्मन जेझुइटांनी, आणि पहिलं महायुद्ध लागल्यावर जर्मन म्हणजे इंग्रजांचे शत्रू, मग फादर असो की कोणी असो, नजरकैद नाहीतर मायदेशी रवानगी. कॉलेजला माणसं पुरेनात, तेव्हा मुंबईचं मिशन स्पेनच्या जेझुइटांकडे दिलं गेलं. त्या लाटेत हे आले.

आणि पहिल्याच दिवसाची गोष्ट झेवियर्समध्ये अजून सांगतात. प्रिन्सिपलनी विचारलं कुठला इतिहास शिकवणार, तर हे म्हणे तुमच्या पोरांना कुठला येत नाही? उत्तर मिळालं, भारताचा. मग तोच शिकवतो. अहो पण तुम्हाला त्यातलं काय येतं? काहीच नाही, शिकेन. खरी किती, तिखटमीठ किती कोण जाणे, पण पुढचं मात्र छापील आहे. १९२६ ला कॉलेजातच संशोधन संस्था काढली आणि १९२७ ला विजयनगरच्या अराविडू घराण्यावर जाडजूड पुस्तक. पाच वर्षं! आम्हाला तेवढ्यात एमए पुरं होत नव्हतं.

पण माझ्या मते त्यांचं खरं काम पुस्तकांपेक्षा पोरं तयार करण्याचं. तोवर कॉलेज म्हणजे नोट्स उतरवा आणि परीक्षा द्या, यांनी पोरांना शिलालेख, नाणी, पोथ्या असल्या अस्सल साधनांना हात घालायला लावलं. जॉर्ज मोराइश त्यांचेच विद्यार्थी, १९३१ चं 'कदंब कुल' त्यांचं. गोव्यात कदंबा बसमध्ये बसता ना, ते घराणं.

संशयात्मा
सगळं खरं, पण आरती ओवाळण्याआधी दोन गोष्टी. एक, सिंधू लिपी वाचली म्हणून त्यांनी १९५३ ला भलाथोरला ग्रंथ काढला, अख्खी वाक्यंच्या वाक्यं लावून दाखवली, आज ती वाचनं कोणी धरत नाही. दोन, १९३३ ला जेझुइटांच्या धर्मांतराच्या धोरणावर पुस्तक लिहिलंय, ते जेझुइटांच्या बाजूचं. लिहिणारा स्वतः जेझुइट आहे हे डोक्यात ठेवून वाचा, एवढंच. धागाकर्त्याला जी शंका आली ती काही अगदीच हवेतली नाही.

नंदाखालचा_पोर
मी वसईचा, आमच्याकडे पाद्री की प्रोफेसर असा प्रश्नच कोणाला पडत नाही. मला दहावीला गणित शिकवणारे फादर सकाळी साडेसहाची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) म्हणून, झगा काढून, शर्ट घालून पहिल्या तासाला हजर. खिशात खडू आणि जपमाळ एकत्र, जपमाळेचे मणी पांढरे झालेले. (आणि आम्ही पाद्री म्हणत नाही हो, फादर. तसं पोर्तुगीज पाद्रे म्हणजे पण बापच.)

यात दोन प्रकार असतात. एक धर्मप्रांताचे फादर, बिशपच्या हाताखाली, गावातलं चर्च बघणारे, तुमच्या डोक्यातली लग्नं-बारशी ती हे लावतात. दुसरे संघांचे. जेझुइट म्हणजे येशूसंघ, १५४० पासूनचा, यांचं पहिल्यापासून शाळा-कॉलेजांकडे लक्ष. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं. म्हणजे कॉलेजचा पगार झाला तरी तो संघाच्या खात्यात, स्वतःचं घर नाही, आणि सुपीरियरने सांगितलं मुंबईला जा की बार्सिलोना सोडून मुंबई. फादर होण्याची गुरुदीक्षा मिळायलाच १०-१२ वर्षं सहज जातात, तोवर माणूस दोन-तीन विषय शिकून बसलेला असतो. त्यामुळे हेरासांचं शिकवणं हा साइड बिझनेस नव्हे, तीच त्यांची सेवा.

धर्मांतराचं म्हणाल तर इतिहासात जे झालं ते झालं, आमचे पूर्वज त्यातूनच आलेत, मी नाकारणार नाही. पण त्या वर्गात बसून गेलेली तुमच्या आजोबांसारखी हजारो पोरं हिंदू, पारशी, मुसलमान जशी गेली तशीच बाहेर पडली ना.

धोबीतलाव_९४
@संशयात्मा मान्य, लिपीचं फसलं. पण पूर्ण नाही हो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर माशाचं चिन्ह सारखं सारखं येतं, व्यापाराच्या मुद्रेवर एवढे मासे कशाला? हेरासांनी म्हटलं भाषा द्राविडी धरून बघा, तमिळमध्ये मीन म्हणजे मासा आणि मीन म्हणजेच तारा, उच्चार एकच. तेव्हा मासा काढायचा आणि वाचायचं तारा. जुन्या तमिळमध्ये कृत्तिकांना अरुमीन म्हणतात, सहा तारे, आणि मुद्रांवर सहा रेघा अधिक मासा अशी जोडी सापडते. हा धागा पुढे फिनलंडचे सिंधू लिपीचे अभ्यासक आस्को पार्पोला यांनी उचलला आणि तो अजून चर्चेत आहे. लिपी कोणालाच लागलेली नाही हे खरं, पण बाकी ग्रंथ बुडाला तरी मासा तरला.

करवी२०१६
धागा भरकटवतोय, माफी. त्याच कॉलेजात फादर सांतापाव होते, तेही स्पॅनिश जेझुइट, वनस्पतीशास्त्रवाले. खंडाळ्याच्या झाडाझुडपांवर त्यांचं पुस्तक आहे, आम्ही ट्रेकवाले अजून त्याची झेरॉक्स वापरतो. पुढे बोटॅनिकल सर्व्हेचे डायरेक्टर झाले, १९६७ ला पद्मश्री. आजोबा सायन्सचे म्हणताय, कुठलं साल? त्यांच्या हाताखाली असतील पण.

तिकीटवाला_पुणे
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. धर्मांतराची शंका पूर्ण गेली असं नाही म्हणणार, १९३३ चं ते पुस्तक मिळालं तर वाचून बघेन.

@करवी२०१६ आजोबा १९४८ ते ५२, आणि विषय बॉटनीच! सांतापाव हे नाव आत्ता तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, पण आजोबा सकाळी फिरायला जाताना प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव म्हणायचे, आम्ही पोरं हसायचो. माळ्यावर त्यांची एक ट्रंक आहे, वर्तमानपत्रात दाबलेली पानं आहेत आत, आई रद्दीत द्यायला निघाली होती. फोन करून थांबवलंय. ती पानं उघडायची कशी, चुरा होतो का?

करवी२०१६
हात लावू नका! एकेक कागद खाली पुठ्ठा सरकवून उचला, पंखा बंद ठेवा, आणि कोपऱ्यात तारीख, गाव लिहिलंय का ते आधी बघा. फोटो टाका इथे.