शब्द हवा: लहान मुलाच्या ‘असेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी, अडलेय म्हणून विचारतेय. विडी वळणाऱ्या घरांतल्या मुलांना खोकला-दम्याचा त्रास किती होतो असा एक अभ्यास आहे, त्याचे फॉर्म मराठीत करायचं काम माझ्याकडं आलंय. आईवडलांच्या कन्सेंटला ‘संमती’ लिहिलं, तिथं काही प्रश्न नाही. पण मुलाला स्वतःला वेगळं विचारावं लागतं, त्याला म्हणतात असेंट. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत ७ ते १२ वयाच्या मुलाला तोंडी विचारायचं आणि १२ ते १८ ला सोप्या भाषेत लेखी असं आहे. मी दोन्हीकडं ‘संमती’ लिहिलं तर एथिक्स कमिटीनं (अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीनं) परत पाठवलं, दोन्ही एकच कसं म्हणून. मग ‘मुलाचा/मुलीचा होकार’ केलं. काल सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, एका विडी वळणाऱ्या बाईंच्या घरी वाचून बघितलं. मांडीवर सूप, हात चालूच, आणि ‘होकार’ ऐकल्यावर त्या बाईंचा हात थांबला. म्हणाल्या, “कसला होकार? पोरगी सातवीत आहे माझी.” त्यांना वाटलं स्थळ आलंय! मी कागद गुंडाळून घेतला आणि पुढचं काही वाचलंच नाही. दुसरा शब्द सांगा.

शब्दवेडा
सरळ ‘अनुमती’ लिहा, तयार शब्द आहे. आणि याची एक सुंदर गोष्ट आहे. अमरकोशात अनुमती म्हणजे चंद्राची एक कला कमी असलेली पौर्णिमा, आणि पूर्ण चंद्राची ती राका. मुलाचा ‘हो’देखील तसाच, एक कला कमी, पूर्ण अधिकार आईबापाचा. इतका नेमका शब्द असताना असेंट-बिसेंट कशाला?

दत्तनगर_मग्गम
शब्दवेडा सर, गोष्ट छान आहे पण आमच्या पोरांना उलटं कळंल. घरी आम्ही तेलुगू बोलतो, तेलुगूत पण अनुमती आहे आणि ती मागायची असते, वरच्याकडून. हेडसरांची अनुमती. शाळेतल्या पोराला म्हणलं ‘तुझी अनुमती दे’ तर ते म्हणंल मी कोण देणारा. मराठीत तरी काय वेगळं आहे ओ, सभेला पोलिसांची अनुमती लागतीच की.

शब्दवेडा
बोलीत अर्थ घसरला म्हणून शब्द टाकायचा का? महापौर, दिनांक हे शब्दसुद्धा एके काळी कुणाला कळत नव्हते, सावरकरांनी दिले, वापरले गेले, रुळले. वापरल्याशिवाय कुठलाच शब्द सोपा होत नाही.

बार्शीची_लेक
‘रुकार’ का नको? माझी आजी म्हणायची, “त्याचा रुकार दिसत नाही.” मला वाटतं रुचणे वरनं आला असावा, ज्याला रुचलं त्यानं दिलेला तो रुकार. यात मन येतं, नुसती परवानगी नाही.

शब्दवेडा
रुचणेवरून रुकार कसा होईल, मधला ‘च’ कुठं गेला?

बार्शीची_लेक
तो आजीला विचारायला हवा होता 🙂 पण आमच्याकडं जिवंत शब्द होता एवढं नक्की.

जुळेसोलापूर
ताई रुकार मलाही आवडतो, पण तोही आता सोयरिकीतच उरलाय, मुलाकडून रुकार आला वगैरे. परत तीच पंचाईत.

सेटलमेंट_नातू
मला शब्दापेक्षा दुसरं सांगायचंय. आमचे आजोबा इथल्या सेटलमेंटमधले, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीतले, तारेच्या कुंपणातले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, तो १९५२ ला गेला, नाव पडलं विमुक्त. पण आमच्या घरात अजून कुणी वही घेऊन आलं आणि ‘नाव लिहून घेतो’ म्हणलं की म्हातारी माणसं गप्प होतात. आजोबा हजेरीच्या गोष्टी सांगायचे, बाहेर जायला पास, हाताचे ठसे. त्यांच्याकडून कुणी हो म्हणवून घेतलं नाही, विचारलंच नाही. म्हणून म्हणतो, शब्द असा घ्या की ज्याच्यापुढं ‘नाही’ पण म्हणता येईल. आणि फॉर्ममध्ये ‘नमुना’ असेल तर आधी काढा. आमच्या गल्लीत ‘काय नमुना आहे’ ही शिवी आहे. ‘आपल्या पाल्याचा नमुना’ असं कुणी पोरासमोर वाचू नये.

जुळेसोलापूर
दादा, नमुना होता. ‘थुंकीचा नमुना’. आत्ताच काढला, आता ‘तपासायला थोडी थुंकी’ लिहिते. आणि ‘नाही’चं तुम्ही बरोबर बोललात, मूल नको म्हणालं तर ते मानायचं असं नियमातच आहे, फॉर्मवर मात्र त्याला जागाच ठेवलेली नव्हती.
अजून एक, ज्यानं मला झोप लागली नाही. मूळ कागदात अट आहे ‘मराठी वाचता येणारी मुलं’. म्हणजे तेलुगू नि उर्दू शाळांतली पोरं बाहेर. विड्या तर जास्त करून तेलुगू घरांतच वळतात, तंबाखूची धूळ त्यांच्याच उशाला, आणि अभ्यासात तीच नाहीत! निकाल कुणाचा लागणार मग?

दत्तनगर_मग्गम
आणि घ्यायचं म्हणलं की उलटं टोक. खम्मम आठवा (तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात), २००९ ला आश्रमशाळेतल्या मुलींना अभ्यासासाठी एचपीव्हीची, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची, लस टोचली. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आहे, तपासलेल्या ९५४३ संमतीच्या फॉर्मपैकी २७६३ वर हॉस्टेलच्या वॉर्डनची सही, १९४८ वर अंगठे. पोरीचं आईबाप कुठंतरी गावात, वॉर्डननं सही ठोकली, झालं.

सेटलमेंट_नातू
हेच. वगळलं तरी आम्हीच, सोपी सापडली म्हणून घेतली तरी आमचीच पोरं.

गड्डा_यात्री
एक शंका, फॉर्ममध्ये या मुलांना काय म्हणलंय? ‘वांशिक अल्पसंख्याक’? पद्मशाली (इथला तेलुगू विणकर समाज) वांशिक अल्पसंख्याक कसे, वंश वेगळा थोडाच आहे. भाषिक म्हणा.

शब्दवेडा
भाषिकच. राज्यघटनेच्या कलम ३० मध्ये धर्म आणि भाषा हेच दोन आधार आहेत. ‘वांशिक’ हे एथ्निकचं भाषांतर असणार. आणि कृपया ‘अल्पसंख्याक’ लिहा, ‘अल्पसंख्यक’ नाही, ते हिंदी.

दत्तनगर_मग्गम
सर पण पूर्व भागात आम्ही अल्प कुठं आहोत? अशोक चौकात उभं राहा, मराठी बोलणाराच अल्प दिसंल 🙂 वर्गात माझी पोरगी अल्प नाही, फॉर्मवर मात्र अल्प होती. तिला ते कळलं तर तिच्या मनात काय येईल?

गड्डा_यात्री
मग विमुक्तांचं काय, त्यांना कशात बसवणार? ते ना भाषिक ना धार्मिक.

सेटलमेंट_नातू
बसवायची घाई कशाला, पोराचं नाव नि घरची बोली विचारा ना.

जुळेसोलापूर
मंडळी, माझा शब्द राहिला हो! बुधवारी कागद परत द्यायचाय.

दत्तनगर_मग्गम
ताई आमची पोरं ‘सरे’ म्हणतात, म्हणजे ठीकाय. पण ते नुसतं ठीकाय असतं, मास्तरांनी काही म्हणलं की सरे, आईनं म्हणलं की सरे. त्याला हो समजून खूण करू नका. माझी धाकटी मनापासून तयार असली की सरे म्हणतच नाही, विचारते, “अन् मग?”

बार्शीची_लेक
मग वर नाव नकोच, दोन प्रश्न ठेवा: “तुला यात यायचंय का?” आणि “नको वाटलं तर कुणाला सांगशील?” होकार, रुकार, अनुमती सगळं गाळा.

शब्दवेडा
कमिटीला शीर्षक लागतं ताई. शीर्षक म्हणजे नाम. वाक्य चालणार नाही.

अक्कलकोट_रोड
कन्नडमध्ये ‘ओप्पिगे’ आहे बघा, आमच्या घरी सगळ्याला चालतं. एक विचारायचं होतं, वर नातूंनी ‘ठसे’ लिहिलंय, आमच्याकडं ‘ठस्से’ म्हणतात, बरोबर काय?

शब्दवेडा
ठसा, ठसे. एकच स.

सेटलमेंट_नातू
आजोबा ‘ठस्से’च म्हणायचे.