बोनस, उद्दिष्टे आणि फ्रीमाँटची दोरी
कनिष्ठ व्यवस्थापकांच्या बोनसची सांगड उद्दिष्टांशी घातली की कंपनीचे धोरण आपोआप खालपर्यंत झिरपते, हे मत मला अर्धेच पटते. एक उदाहरण पाहा. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा जनरल मोटर्स या मोटार कंपनीचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला आणि १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते. बदलली ती देखरेख करणाऱ्यांची भूमिका. गटप्रमुखांना जपानला नेऊन तिथल्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव देण्यात आला. शिवाय दोष दिसताच कामाच्या जागेजवळची इशाऱ्याची दोरी ओढून मदत मागण्याची आणि प्रसंगी उत्पादन थांबवण्याची मुभा कामगाराला मिळाल्यामुळे, हाक येताच धावून जाणे हे गटप्रमुखाचे रोजचे काम झाले. गुणवत्तेचे धोरण त्याला भाषणातून नव्हे, तर या धावपळीतून कळले. जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत ही पद्धत रुजायला बरीच वर्षे लागली, आणि त्याचे एक कारण असे की, तिथे व्यवस्थापकाची कामगिरी प्रामुख्याने बाहेर पडलेल्या गाड्यांच्या संख्येवरून जोखली जात असे, म्हणजे बोनसची सांगड होतीच, पण ती भलत्याच आकड्याशी.