मदत हवी आहे: कॅमेरा खाली आणला की फरशी काळीकुट्ट होते (आउटलाइन शेडर)

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. गोडो ४.३ मध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा गेम करतोय: तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) पेलणारी माणसं. सगळं चित्रकथेसारखं काळ्या रेघांत हवंय.

आधी मॉडेलची दुसरी प्रत फुगवून, तिच्या पुढच्या बाजू गाळून काळी केली. माणसांना झकास बसली, पण देवळाच्या काटकोनी कोपऱ्यांत रेघ फाटते आणि पायऱ्यांच्या आतल्या कडा येतच नाहीत. म्हणून आता पूर्ण स्क्रीनवर शेडर (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) चालवतोय. चार तिरक्या शेजारी पिक्सेलांची डेप्थ (कॅमेऱ्यापासून किती लांब) आणि नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला) घ्यायची, समोरासमोर वजाबाकी करायची (रॉबर्ट्स क्रॉस), फरक मर्यादेपुढे गेला की काळं. डेप्थ आधी मीटरमध्ये बदलतो.

कॅमेरा वर असेपर्यंत ठीक. डोळ्याच्या उंचीवर आणला की सपाट फरशी लांबवर डांबर ओतल्यासारखी दिसते. मर्यादा वाढवली तर भिंतीला टेकवलेल्या नंदीध्वजाची रेघच जाते. शिवाय स्टॉलवरच्या चादरींच्या नक्षीला एकही रेघ नाही. दोन रात्री गेल्या यात.

उत्तर:
फरशीवर खोट्या कडा येतायत. नजर तिरकी लागली की शेजारच्या पिक्सेलला फरशी हातभर लांब गेलेली असते, शेडरला ती उडी वाटते.

मीटरमध्ये बदलूच नकोस. कच्ची डेप्थ १/अंतर या हिशोबाने चालते आणि सपाट पृष्ठभागावर ती स्क्रीनवर एकसारख्या चढाने बदलते. म्हणून डावा + उजवा − दोनदा मधला, असा दुसरा फरक काढ, वर-खालीही तसाच. फरशी कितीही तिरकी असो, उत्तर जवळपास शून्य येतं. खऱ्या कडेवर मात्र ते उसळतं. ४.३ पासून गोडोत डेप्थ उलटी आहे, जवळ १ आणि लांब ०. तेव्हा उत्तराला मधल्या डेप्थने भागलंस की एकच मर्यादा सगळीकडे चालते.

चादरीची नक्षी सपाट, ती डेप्थला किंवा नॉर्मलला कुठून दिसणार? रंगातला फरक पकडता येतो, पण मग सावल्यांनाही रेघा येतात. मी तरी ती टेक्स्चरमध्येच (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात) रंगवली असती.

धागाकर्ता:
दादा, फरशी स्वच्छ झाली! नंदीध्वजही परत आला. तळ्याकाठच्या लांबच्या पायऱ्या मात्र अजून काळ्याच.

उत्तर:
त्या खऱ्या कडा आहेत, फक्त दाटीवाटीने आल्यात. नॉर्मलची रेघ अंतराप्रमाणे फिकी करत ने.