खाजनातल्या मातीची क्षारता: नमुने कधी आणि किती खोलीवरून घ्यावेत?

प्रश्न (मांडवीकाठ):
एमएस्सीच्या प्रबंधासाठी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनांत (खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींत) समुद्राची पातळी वाढल्याने मातीची क्षारता कशी बदलते ते पाहायचं आहे. हाताशी एकच वर्ष आहे. नमुने कधी, किती खोलीवरून घेऊ? १:५ द्रावणाचे (एक भाग माती, पाच भाग पाणी) ईसीचे, म्हणजे क्षारता दाखवणाऱ्या विद्युतवाहकतेचे, आकडे थेट वापरले तर चालेल का?

मातीचाळणी:
थेट वापरू नका. भातासाठी ३ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा, आणि त्यापुढे दर एककाला सुमारे १२ टक्के उत्पन्नघट, हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचे) आहेत. १० ग्रॅम माती ५० मिली पाण्यात घेतली की क्षार पातळ होतात आणि आकडा फार कमी दिसतो. १:५ च्या आकड्यावरून संपृक्त अर्काचा आकडा काढायचा पुस्तकातला गुणकही चिकण आणि रेताड मातीला वेगवेगळा लागतो. म्हणून दहाबारा नमुन्यांचा संपृक्त अर्क काढून आपल्या मातीचा गुणक आपणच ठरवा. मीटर रोज १४१३ मायक्रोसायमनच्या द्रावणाने तपासा आणि वाचन २५ अंशांवर आणा.

खोली ०–१५, १५–३०, ३०–६० सेंमी. वेळ: मे अखेर, पहिल्या पावसाआधी, कारण तेव्हा क्षार वर चढलेले असतात, मग रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात, भात याच दोन वेळी जास्त नाजूक.

पीएच मात्र शेतातच, ओल्या मातीवर मोजा. खाजनाच्या खालच्या चिखलात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. माती वाळली की त्याचं आम्ल होतं, पीएच घसरतो आणि सल्फेटमुळे ईसीही फुगते. पिशवीतली हवा काढून बर्फात न्या.

मानसवाट:
एका वर्षात समुद्रपातळीचा परिणाम वेगळा काढता येणार नाही, प्रबंधाचा प्रश्नच बदला. खाजनात खारं पाणी किती शिरतं ते मानस (बांधातली पाणी आतबाहेर सोडणारी झडप) ठरवते. भरतीच्या दाबाने तिची दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. फळी कुजली किंवा मासळीसाठी दार अडकवून ठेवलं, तर वाढलेली क्षारता दाराची असते आणि खापर समुद्रावर फुटतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मानशीच्या दोन्ही बाजूंचं आणि पोयीतलं (मानशीच्या आतल्या पाणसाठ्यातलं) पाणी मोजा. बांधापासून १०, ५० आणि १५० मीटरवर नमुने घ्या, कारण खेकड्यांच्या बिळांतून झिरपणारं पाणी बांधालगतच दिसतं. भाताची जातही नोंदवा: कोरगुट खारं पाणी सोसतं, ज्योतीला ते जड जातं. पीक बरं दिसतं एवढ्यावरून माती गोडी झाली असं समजू नका.

मांडवीकाठ:
म्हणजे दुरुस्त मानशीचं एक खाजन आणि गळक्या मानशीचं एक, अशी जोडी घेऊ?

मानसवाट:
हो, पण दोन-तीन जोड्या तरी हव्यात, आणि प्रत्येक जोडीतली दोन्ही खाजनं नदीच्या एकाच पट्ट्यातली घ्या. मुखापासून वर गेलं की नदीचंच पाणी गोडं होत जातं.