शब्दचर्चा : पाहणीतलं ‘बिलाँगिंग’ मराठीत कसं आणायचं?

जास्वंद
एका अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्मचारी-पाहणीचा अनुवाद चालू आहे. ‘बिलाँगिंग’ (गटात आपल्यातलं म्हणून धरलं जाणं) या सदराखालचं पहिलं विधान ‘मला इथे आपलेपणा वाटतो’ असं केलं होतं. खाली ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ असे पाच पर्याय. तपासनिसांनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, माणसाला कंपनीबद्दल काय वाटतं हे इथे विचारलेलंच नाही. कंपनी त्याला आपल्यात धरते का, हे विचारलंय. त्यांनी सुचवलेलं ‘मी या संस्थेशी संबद्ध आहे’ हे मात्र करारपत्रातलं वाक्य वाटतं. शिवाय ‘रेस’ आणि ‘अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी’ हे दोन शब्दही अडलेत. काय करावं?

मीमांसक
तपासनीस बरोबर आहेत. आपलेपणा वाटणाऱ्याकडून बाहेर जातो. एखाद्याला कंपनीबद्दल भरपूर आपलेपणा असेल आणि तरी तिथे त्याला कुणी विचारत नसेल, असं होऊ शकतं. तो माणूस ‘पूर्ण सहमत’वर खूण करेल आणि आकडा खोटा चांगला येईल.

‘मला इथे परकं वाटत नाही’ हे अर्थाला जवळ आहे, पण पाहणीत नकारार्थी विधान घालू नये. ‘वाटत नाही’ला ‘असहमत’ म्हणजे दुहेरी नकार, आणि घाईत भरणारे नेमके तिथेच उलटी खूण करतात. ‘आपल्यातला/आपल्यातली’ असे तिरकस रेघेचे पर्यायही टाळा. ‘इथले लोक मला आपल्यातलंच मानतात’ हे नपुंसकलिंगी रूप सगळ्यांना चालतं. मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या अनुवादकाकडून मराठीवरून परत इंग्रजीत उलट अनुवाद करून घ्या, आणि पाचसहा जणांना उत्तर न विचारता ‘प्रश्न काय कळला’ एवढंच विचारा. घोटाळा तिथेच बाहेर येतो.

कोरांटी
इंग्रजीत नसलेली एक सोय मराठीत आहे, ती वापरा: ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आपण हे मागच्या आठवड्यात ठरवलं’ यात ऐकणारा धरलेला आहे, ‘आम्ही ठरवलं’ यात तो बाहेर आहे. ‘वी’ हा फरक झाकून टाकतो. म्हणून ‘टीममध्ये बोलताना मला “आपण”मध्ये धरतात’ हे विधान मराठी वाचणाऱ्याला लगेच कळेल.

पण एका भावनेच्या विधानावर सगळा भार टाकू नका. कृती विचारणारी विधानं हवीत: ‘निर्णय पक्का होण्याआधी मला विचारलं जातं’, ‘मी मांडलेला मुद्दा माझ्याच नावावर नोंदला जातो’, ‘माझी चूक माझी एकट्याची धरतात, माझ्या समाजाची नाही’. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. टीममध्ये एकटाच कृष्णवर्णीय इंजिनिअर असेल तर त्यानं कोडमध्ये केलेला एक सदोष बदल लोकांच्या डोक्यात अख्ख्या समाजाच्या खात्यावर जमा होतो, आणि या ओझ्याचा उल्लेख कामगिरीच्या अहवालात कुठेच नसतो.

निकाल कसे दाखवणार, हेही कंपनीला आत्ताच विचारा. पाच किंवा दहापेक्षा लहान गटाची उत्तरं सहसा दाखवत नाहीत, कारण दोनच माणसं असतील तर कोण काय म्हणालं ते कळतं. हे रास्तच आहे. पण मग ते गट ‘इतर’मध्ये ढकलले जातात आणि ज्यांच्यासाठी पाहणी केली तेच अहवालातून गायब होतात. त्याऐवजी अनेक विभागांचे किंवा दोनतीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत.

शब्दवेडा
‘रेस’ला ‘वंश’च. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढत जातं, तशी पिढीवर पिढी. आपला छपराचा ‘वासा’ही त्यातूनच आला. ‘घर फिरलं की वासेही फिरतात’ मधला. इतका देखणा शब्द असताना ‘रेस’ कशाला? वाचणाऱ्याला शर्यत वाटेल.

टाचण
व्युत्पत्ती मान्य, पण पिढीवर पिढी हीच तर अडचण आहे. अमेरिकेतली ‘रेस’ रक्तातून आलेली नाही. जनगणना आणि न्यायालयं यांनी ठरवलेले ते रकाने आहेत. 1923 साली भारतातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात मांडलं की शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात आपण कॉकेशियन, म्हणजे गोरे, म्हणून नागरिकत्वाला पात्र. न्यायालय म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. म्हणजे वंशावळीचा युक्तिवाद न्यायालयातच बाद झाला. पुढे 1970 च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि 1980 ला त्यांना ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना मिळाला. वंश तोच राहिला, रेस बदलली.

शब्दवेडा
मग पर्याय द्या. ‘वर्ण’ म्हणाल?

टाचण
‘वर्ण’ अजिबात नको. मराठी वाचकाला आधी चातुर्वर्ण्य आठवेल, आणि जातीला त्याच फॉर्मवर स्वतःचा वेगळा शब्द लागतो. कॅलिफोर्निया राज्यानं 2020 साली एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. सिॲटलनं फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभावाला शहराच्या कायद्यानं बंदी केली. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक ऑक्टोबर 2023 मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून अडवलं. अशा वेळी रेसला वर्ण म्हटलं तर दोन्ही तक्रारी एकाच खणात पडतात. ‘वांशिक गट’ म्हणा, आणि खाली टीप द्या: ‘कायद्यातील वर्गवारीनुसार’.

जास्वंद
रकाने ठरलेले आहेत. अमेरिकेत शंभर किंवा जास्त नोकर असलेल्या खासगी कंपन्यांना ईईओ-१ नावाचा अहवाल द्यावा लागतो, त्यात सात वर्ग: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मूळ असलेले), गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, हवाई व पॅसिफिक बेटांवरील मूळनिवासी, अमेरिकी इंडियन (तिथले मूळनिवासी, भारतीय नव्हेत) व अलास्काचे मूळनिवासी, आणि दोन किंवा अधिक वंश. अमेरिकी केंद्र सरकारच्या मार्च 2024 च्या वर्गवारी-मानकात मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा वर्ग वाढला आणि हिस्पॅनिकचा वेगळा प्रश्न रेसच्या प्रश्नातच मिसळला. माझी अडचण निराळी आहे. इंग्रजीत ‘ब्लॅक’चा बी मोठा लिहिला की ते समाजाचं नाव होतं, रंगाचं नाही. एपी वृत्तसंस्थेनं जून 2020 पासून तसा नियम केला. देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत.

कोरांटी
म्हणून ‘कृष्णवर्णीय’ बरा. तो समाजाचं नाव म्हणून रुळलाय, ‘काळा’ नाही. सगळीकडे ‘आफ्रिकी-अमेरिकी’ करू नका. नायजेरियाहून गेल्या वर्षी आलेली इंजिनिअर त्यात स्वतःला धरेलच असं नाही. आणि सूचना ठळक अक्षरांत द्या: ‘तुम्ही स्वतःला कोणत्या गटात धरता?’ ईईओ-१ मध्ये कर्मचाऱ्यानं सांगायला नकार दिला तर कंपनी नोंदींवरून किंवा नुसतं पाहून वर्ग लिहू शकते. नुसतं पाहून! ते टळायला हवं असेल तर प्रश्न इतका स्वच्छ हवा की माणूस स्वतः उत्तर देईल.

ओंजळ
अल्पसंख्याकाचं कुणी बोललंच नाही. (आणि कृपया ‘अल्पसंख्यांक’ नको. अल्प, संख्या आणि शेवटी ‘क’. त्यात ‘अंक’ नाही.) भारतात हा शब्द कानावर पडला की धर्म आठवतो, त्यामुळे तो तसाच ठेवला तर फॉर्म चुकीचा भरला जाईल. शिवाय मुद्दा संख्येचाही नाही. गूगलनं 2014 साली पहिल्यांदा आकडे जाहीर केले तेव्हा तिच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांत गोरे 61 टक्के, आशियाई 30, हिस्पॅनिक 3, कृष्णवर्णीय 2 टक्के होते. आशियाई लोक अमेरिकेत अल्पसंख्य, पण कंपनीत वाट्यापेक्षा कमी नाहीत. ‘अंडररिप्रेझेंटेड’ म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कंपनीत कमी. ‘अल्पप्रतिनिधित्व असलेले’ जड वाटतं. ‘वाट्यापेक्षा कमी असलेले गट’ असं सरळ लिहा.

शब्दवेडा
‘वाट्यापेक्षा कमी’ वाचून लोकांना आरक्षण आठवेल.

ओंजळ
आठवू दे. अर्थ बरोबर पोचतो.

रानवारा
शब्द इतके जपताय, तर त्याच कंपनीच्या मराठी मदतपानांवरची ‘काळी यादी’ही (ज्यांना प्रवेश नाही त्यांची, इंग्रजी ‘ब्लॅकलिस्ट’) बदला. कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेनं ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) मुख्य शाखा ‘मास्टर’ (मालक) ऐवजी ‘मेन’ केली, रेडिस या डेटाबेसनं 2018 मध्येच ‘स्लेव्ह’ (गुलाम) च्या जागी ‘रेप्लिका’ (प्रत) आणलं.

शब्दवेडा
याला माझा ठाम विरोध. मराठीतला ‘काळा’ अमेरिकेतून आलेला नाही. काळाबाजार, काळी कृत्यं हे अंधारातून आलेले शब्द आहेत, आणि आपल्या विठ्ठलाचं सावळं रूप आपण गौरवानंच सांगतो. दुसऱ्याच्या इतिहासासाठी आपली भाषा कापू नये.

कोरांटी
ते पान वाचणारा मराठी माणूस तीच टीम, तेच कोड वापरणार आहे. मूळ इंग्रजीत ‘ब्लॅकलिस्ट’चं ‘डिनायलिस्ट’ (नाकारलेल्यांची यादी) झालं असेल तर मराठीत काळी यादी ठेवणं हा चुकीचा अनुवाद ठरतो. पण शाखेचं नाव बदललं म्हणजे कुणाला बढती मिळाली असं होत नाही, हेही कंपनीला सांगा.

मीमांसक
तांत्रिक बाजूही पाहा. नाव बदललं की जुनं नाव थेट लिहिलेल्या बिल्डच्या (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या) स्क्रिप्ट तुटतात आणि आधी घेतलेल्या प्रती जुन्याच शाखेकडे बोट दाखवत राहतात. रेडिसनं जुनी आज्ञा म्हणूनच काढून टाकली नाही. मराठी पानावरही काही काळ दोन्ही नावं द्या, नाहीतर शोधात पान सापडणार नाही.

रानवारा
मग ‘परवानगी यादी’ आणि ‘मनाई यादी’?

शब्दवेडा
‘मनाई’ अरबीतून आलाय. ‘निषिद्ध सूची’ घ्या.

ओंजळ
‘निषिद्ध सूची’ बटणावर मावणार नाही आणि बोलताना कुणी म्हणणारही नाही. ‘मनाई’ दुकानाच्या पाटीवरही कळतो.

जास्वंद
यादीचं नंतर बघते. ‘आपल्यातलंच मानतात’ आज पाठवतेय. तपासनीस ‘मानतात’ला कर्ता कोण असं विचारतील: टीम, वरिष्ठ की कंपनी? मूळ इंग्रजीत ते मोघमच आहे.

कोरांटी
मोघम नका ठेवू. टीम आणि वरिष्ठ अशी दोन विधानं करा, उत्तरं वेगळी येतील.