महिना बारा हजार देऊन गूगलवर 'वर' यायचं का?

धावती भेट

कर्वेनगरात पोळी-भाजी केंद्राच्या वर, पहिल्या मजल्यावर, साडेसहाशे चौरस फुटांत मी आणि माझी जाऊ व्यायामाचे वर्ग घेतो. मशिन्स नाहीत. मॅट, डंबेल्स, रेझिस्टन्स बँड आणि आमचा आवाज. सकाळी तीन बॅच, संध्याकाळी तीन. फी महिना १८००. वहीत ५८ नावं आहेत, रोज तोंड दाखवणारे चाळीस धरा.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला. लॅपटॉप उघडून 'जिम निअर मी' टाकून दाखवलं, आम्ही कुठेच नाही. महिना बारा हजार, सहा महिन्यांचा करार, 'पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी'. जाऊ म्हणते देऊन बघू. मी म्हणते नको, आणि माझ्या 'नको'मागे एक वही आहे. सहा महिन्यांत नवे २३ जण आले, प्रत्येकाला विचारून लिहिलंय: ११ ओळखीतून, ६ पाटी बघून, ४ गूगलवरून, २ इन्स्टावरून. चार माणसांसाठी बहात्तर हजार?

माझं म्हणणं एवढंच, की गूगलच्या नकाशावरची आपली नोंद (नाव, पत्ता, वेळ, फोटो) नीट ठेवायला पैसे पडत नाहीत, ती आम्ही दोघी करू. उलट मत असेल तर बिनधास्त लिहा. घरात एक विरोधी पक्ष आहेच.

खवट काका

नोंद तरी कशाला? चिंचेच्या तालमीने कधी जाहिरात केल्याचं ऐकलंय? शुक्रवार पेठेत कोणालाही विचारा, हात करून दाखवेल. तुमचे ५८ पैकी १८ येत नाहीत हा खरा रोग आहे. रांजण गळका असताना नळ मोठा करून काय होणार? त्या अठरा जणांना फोन करा, फुकट आहे.

घरचा आहेर

काका, शुक्रवार पेठेत पिढ्यान् पिढ्या एकाच वाड्यात राहणाऱ्यांना विचाराल हो. आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट भाड्याने आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर नांदेड, अकोला, इंदूरहून आलेली पोरं. त्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, ती हात करून कोणाला विचारणार? फोनलाच.

धागाकर्ती, तुमची वही मला आवडली, पण ती अर्धं खरं बोलते. मागच्या वर्षी मैत्रिणीने मला एका योगवर्गाचं नाव सांगितलं. मी काय केलं? नाव गूगलवर टाकलं, फोटो बघितले, वेळ बघितली, खालचे वाईट रिव्ह्यू आधी वाचले आणि मग फोन केला. त्या बाईंच्या वहीत मी 'ओळखीतून' म्हणून लिहिली गेले असणार. शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची दिसली असती तर बंद पडलं समजून सोडून दिलं असतं. असे सोडून गेलेले तुमच्या वहीत कुठे आहेत?

धावती भेट

हा मुद्दा बोचला. सोडून गेलेल्यांचा रकाना नाही माझ्याकडे.

पिनकोड

दुकानांच्या गूगलवरच्या नोंदी लावून देण्याच्याच धंद्यात सात वर्षं आहे, त्यामुळे माझं मत स्वार्थी समजून वाचा.

पहिली गोष्ट, ती गॅरंटी थाप आहे. स्थानिक निकालांत वरची जागा मागूनही मिळत नाही आणि पैसे देऊनही मिळत नाही, हे गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. क्रम ठरवायला तीन गोष्टी धरतात: शोधलेल्या शब्दांशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून अंतर किती आणि तुमचा बोलबाला किती. मधली तुमच्या हातात नाही. वारज्यात बसून शोधणाऱ्याला वारज्यातलं आधी दिसणार. 'पहिला नंबर' अशी वस्तूच नाही. डहाणूकर कॉलनीत उभं राहून एक क्रम, गांधी भवनाशी दुसरा. त्या मुलाने तुमच्याच स्टुडिओत बसून शोधलं आणि तरी तुम्ही दिसला नाहीत, हे मात्र गंभीर आहे. म्हणजे नोंदीतच काहीतरी बिघडलंय.

नोंदीत धंद्याचा मुख्य प्रकार (कॅटेगरी) काय निवडलाय? तो एकच असतो, वर नऊ जादा जोडता येतात. मशिन्स नसताना 'जिम' घेतलं असेल तर तुम्ही भल्या मोठ्या एसी जिमांच्या रांगेत उभ्या आहात, ज्यांच्याकडे हजारभर रिव्ह्यू आहेत. तिथे बोलबाल्यात तुम्ही हरणारच.

दुसरं, वेळ. २०२३ च्या अखेरीस गूगलने मान्य केलं की नाव न घेता केलेल्या शोधात त्या क्षणी उघडं असणं हाही क्रमाचा भाग आहे. म्हणजे पुणेकरांची दुपारची झोप आता गूगललाही कळते. पण म्हणून चोवीस तास उघडं असं लिहू नका. लोक दारात येऊन कुलूप बघतात आणि एक स्टार देऊन जातात.

आता उलट मत. 'आम्ही दोघी करू' हे वाक्य मी शंभर दुकानांत ऐकलंय. पहिला आठवडा उत्साह, मग गणपती, मग दिवाळी, मग नोंदीवर तीच जुनी वेळ. बारा हजार महिना जास्त आहे, सहा महिन्यांचा करार तर नकोच. पण एकदाच कोणाकडून तरी नीट लावून घ्यायला पैसे मोजण्यात कमीपणा नाही. आपण पंख्याचं वायरिंग स्वतः करत नाही.

शेंगदाणा

सज्जनांचा मेळा भरलाय. खरं सांगू? माझ्या मेहुण्याने नोंदीच्या नावातच सगळं घुसडलं: अमुक फिटनेस, बेस्ट जिम, वेट लॉस, झुंबा, लेडीज बॅच, कोथरूड. एक महिना फुकट देतो सांगून चाळीस जणांकडून पाच-पाच स्टार घेतले. पंधरा दिवसांत वर. खर्च शून्य. नियम वाचत बसणारे तिसऱ्या पानावर सापडतात, शेजारचा पहिल्या तिनांत बसलेला असतो.

पिनकोड

@शेंगदाणा, चालतं हे नाकारत नाही. नावातल्या शब्दांना अजूनही वजन आहे, आमच्या धंद्यातली ती उघडी जखम आहे. पण नियम असा, की पाटीवर जे नाव तेच नोंदीवर. कोणीही 'दुरुस्ती सुचवा' दाबून ते छाटू शकतो आणि नोंद निलंबितही होऊ शकते. झाली की कागद, वीजबिल, पाटीचा व्हिडिओ देत बसा. तेवढे दिवस तुम्ही नकाशावर नाहीत, जुने रिव्ह्यूही दिसत नाहीत. फुकट महिन्याच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं तर थेट नियमभंग. नुसते खूश लोक निवडून त्यांनाच लिहायला सांगणंही चालत नाही.

आणि हो, झुंबा हा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे. परवाना असलेल्या प्रशिक्षकाशिवाय ते नाव लावता येत नाही. मेहुण्यांना विचारून ठेवा.

शेंगदाणा

मेहुणा गरबा पण झुंबा म्हणूनच शिकवतो. 😄 पण सापडला कधी? नाही.

सातारी कंदी

आमच्याकडे यातलं काही लागत नाही असं लिहायला आले होते. साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास कुठला वर्ग कोण घेतं हे भाजीवालीला माहीत असतं. पण परवा सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "गुडघेदुखीसाठी व्यायाम शिकवणारे जवळ कोण आहेत?" मराठीत, पूर्ण वाक्य. आलेल्या उत्तरात एका वर्गाचं नाव होतं, कारण त्याच्या रिव्ह्यूमध्ये कोणीतरी मराठीत लिहिलं होतं, 'माझे गुडघे आता जिन्याला घाबरत नाहीत.' ती ओळ ठळक करून वरच दाखवली होती. सासूबाई दुसऱ्या दिवशी तिथे. म्हणजे पाच स्टार आणि 'नाइस प्लेस' असे शंभर रिव्ह्यू एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे.

खवट काका

हे वाक्य लिहिणाऱ्या बाईंचे गुडघे आधी कोणीतरी बरे केले ना? मग माझंच म्हणणं खरं. काम चांगलं करा.

घरचा आहेर

काका, काम चांगलं होतंच. ते सासूबाईंपर्यंत पोचलं कशाने?

धावती भेट

काल रात्री नोंद उघडून बसलो दोघी. शरमेने सांगते.

मुख्य प्रकार 'जिम'च होता. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात, म्हणजे आमच्या पहाटेच्या तिन्ही बॅच आणि संध्याकाळची शेवटची, सगळं 'बंद' या वेळेत! नोंद केली त्या दिवशी बहुधा दुकानाची म्हणून जी ठोकळ वेळ सुचली ती टाकलेली. फोन नंबर जावेचा जुना. फोटो सहा, त्यातले दोन खालच्या पोळी-भाजी केंद्राचे, लोकांनी टाकलेले. आमच्या एका रिव्ह्यूत लिहिलंय, 'शेवभाजी तिखट होती.' चार स्टार.

आणि आणखी एक. आमच्या चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओचं नाव शेंगदाणाच्या मेहुण्यासारखंच रेल्वेच्या डब्यांएवढं लांब आहे. जाऊ म्हणाली, कर तक्रार. माझं बोट बटनावर होतं. ती बाई आणि मी एकाच ठिकाणाहून कोर्स केलाय. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. नाही दाबलं.

पिनकोड

चूक केलीत. ती खोटं बोलून तुमच्या वर बसली आहे आणि तुम्ही तिच्या मुलीचा विचार करताय. तक्रारीत तुमचं नाव तिला कळत नाही.

घरचा आहेर

अजिबात चूक नाही. पुण्यात नाव कळायला गूगल लागत नाही, दुसऱ्या दिवशी पालक ग्रुपवर येतं. समोर जाऊन सांगा की बाई, तुझी नोंद उडेल एक दिवस. ऐकली तर ठीक.

शेंगदाणा

किंवा तुम्हीही नाव लांब करा. हिशेब चुकता.

वळसा

धागा वाचताना सहज म्हणून शोधलं. मी विठ्ठलवाडीला राहते, सिंहगड रोडवर. 'वर्कआउट क्लास' टाकलं तर कर्वेनगरातली चार-पाच नावं आली, सव्वा-दीड किलोमीटर वगैरे. मधे मुठा आहे हे कोण सांगणार? राजाराम पुलावरून संध्याकाळी सातला जाऊन बघा, गाडीवरच कार्डिओ होतो. मला असल्या निकालांचा उपयोग नाही आणि तुम्हालाही माझ्या चौकशीच्या फोनचा नाही. तेव्हा 'जास्त लोकांना दिसणं' हेच ध्येय धरलंत तर नदीपलीकडचे फोन घेत बसाल. आहात तिथून चालत दहा मिनिटांत कोण राहतं, तेवढ्यांना दिसलात तरी ५८ चे ८० होतील.

धावती भेट

नदीपलीकडचे फोन येतात खरंच! पत्ता ऐकून 'कळवतो' म्हणतात. ते कोण असतात हे आज कळलं.

पिनकोड

@वळसा, शंभर टक्के. म्हणूनच वर्णनात आणि फोटोंखाली परिसराचं नाव, ओळखीची खूण, दुचाकी लावायला जागा आहे की नाही, जिना किती पायऱ्यांचा, हे लिहा. कीवर्ड म्हणून नव्हे, माणूस उगाच येऊन परत जाऊ नये म्हणून. वेबसाइटच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. गूगल त्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट द्यायचं, ती २०२४ च्या मार्चमध्ये बंदच केली. तुमच्या पत्रकावर अजून तो पत्ता छापलेला असेल तर खोडा. एक साधं पान पुरे: बॅचच्या वेळा, फी, शिकवणाऱ्यांचे फोटो. फी लिहा हो. 'फीसाठी संपर्क करा' वाचून मी स्वतः दुसरीकडे जातो.

खवट काका

फी लिहा याला माझा पाठिंबा. या धाग्यावरचं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

धावती भेट

तूर्तास इतकं: त्या मुलाला नाही सांगितलं. जाऊ नाराज, पण तिच्याशी तडजोड झाली. नोंद तिच्या ताब्यात, वही माझ्या. वहीत नवा रकाना केलाय, 'नाव कोणी सांगितलं' आणि त्याच्या शेजारी 'येण्याआधी कुठे बघितलं'. येत नाहीत त्या अठरापैकी सात जणांना फोन केले, काका. तिघं सोमवारपासून येतायत. एकीने सांगितलं की ती दोन महिन्यांपूर्वी बॅचची वेळ बघायला गूगलवर गेली, 'बंद' दिसलं, म्हणून आलीच नाही. आमचीच जुनी मेंबर!

चौकातल्या स्टुडिओत जाऊनही आले. चहा झाला. नाव तिच्या भाच्याने ठेवलंय म्हणे, तिला पासवर्डच माहीत नाही.

पिनकोड

भाचा! प्रत्येक नोंदीमागे एक भाचा असतो. तिला सांगा, मालकीसाठी विनंती टाक. भाच्याने तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर पडताळणी करून तिला स्वतःच्या नावावर घेता येऊ शकते.

धावती भेट

सांगते. ती उद्या येणार आहे, आमच्या नोंदीवरचा तो शेवभाजीचा रिव्ह्यू बघायला.